आमच्या नावेचे दोर

मराठी माणसास दोर म्हटला की प्रथम सिंहगड आठवतो. इ. स. १६७० च्या माघातील त्या रात्री तानाजी पडल्यावर सूर्याजीने गडाचे दोर कापून टाकले, ही कथा बालपणी आम्ही इतक्या वेळा ऐकली होती की, दोर हा मुळी कापण्याकरिताच असतो असा आमचा बरीच वर्षे समज होता. दोराची दुसरी ओळख म्हणीतली. ‘सुंभ जळतो पण पीळ जळत नाही’ हे वाक्य शाळेतील निबंधांत आम्ही निदान बारा वेळा तरी योजिले असेल. परंतु सुंभ प्रत्यक्ष जाळून पाहण्याचा प्रसंग कधी आला नाही. पुढे आला तेव्हा असे आढळले की, हल्लीच्या दोराला काडी लावली म्हणजे सुंभ आणि पीळ दोन्ही एकदमच वितळतात व मागे एक काळसर मणी तेवढा शिल्लक राहतो. म्हण खोटी ठरली असे नव्हे. सुंभच बदलला आहे.

दोरांचा हा व्यासंग आम्हांस उतारवयात जडला, त्याचे कारण एक नाव. ती मुंबईच्या बंदरात असते, लांबीने सोळा फूट आहे, लाकडाची आहे, आणि तिची निम्मी मालकी आमची असून निम्मी आमच्या एका स्नेह्यांची आहे. पुढचा अर्धा कोणाचा व मागचा कोणाचा, हे आम्ही अद्याप ठरविलेले नाही. जेथे पाणी झिरपते तो भाग मात्र दुसऱ्याचा, याविषयी उभयतांची खात्री असते. पावसाळा तोंडाशी आला की तिला पाण्याबाहेर काढून एका छपराखाली ठेवतात आणि नवरात्राच्या सुमारास पुन्हा पाण्यात सोडतात. मधले चार महिने डागडुजीचे. या चार महिन्यांत आम्ही नावेविषयी जितके बोलतो तितके उरलेल्या आठांत बोलत नाही, व या चार महिन्यांत ती आमच्या डोळ्यांना जितकी सुंदर दिसते तितकी पाण्यावर दिसत नाही.

शिडाच्या नावेवरील दोरांच्या दोन जाती. एक स्थिर, म्हणजे डोलकाठीला पुढून व दोन्ही बाजूंनी ताणून उभी ठेवणाऱ्या पोलादी तारा. दुसरे चल, म्हणजे हाताने ओढावयाचे व सोडावयाचे. चल दोरांतील मुख्य दोन. एकाने शीड डोलकाठीवर चढवितात. दुसऱ्याने चढलेले शीड वाऱ्याच्या मानाने आत ओढतात वा बाहेर सोडतात. या दुसऱ्या दोरास इंग्रज खलाशी ‘शीट’ म्हणतात. नवशिक्याला वाटते की शीट म्हणजे कापड, अर्थात शीडच. आणि ‘शीट सोड’ असा हुकूम होताच तो आदराने शिडाकडे पाहत राहतो. आम्हीही एकदा असेच पाहत राहिलो होतो. तेव्हापासून आम्ही आमच्यापुरती दोन मराठी नावे पाडली: चढदोर आणि ताणदोर. शिडाच्या तळाशी जो आडवा वासा असतो त्याचे नाव आम्ही आडकाठी ठेविले. ते आम्हांस विशेष समर्पक वाटते, कारण नाव वळताना आमचे मस्तक व आमची पुढील वाटचाल यांच्या मध्ये ती अनेकदा आलेली आहे.

गेल्या पावसाळ्यात स्नेह्यांनी विषय काढला की, सर्व चल दोर बदलावे. आम्ही म्हटले, दोर तर चांगले दिसतात. येथेच आमची पहिली चूक झाली, आणि ती चूक अज्ञानाची नसून काटकसरीची होती हे कबूल करणे भाग आहे. दोर दिसतो तसा नसतो. आजचा दोर बहुधा दुपदरी असतो. वरून विणलेले कवच व आत गाभा. कवचावर उन्हाने लव आली, मिठाने ते ताठरले, तरी आतला गाभा धडधाकट असू शकतो; उलट वरून गुळगुळीत असलेल्या दोराचा गाभा एखाद्या ठिकाणी तुटून गेलेला असतो, व ते ठिकाण केवळ बोटांनाच सापडते. म्हणून जुना दोर डोळ्यांनी पाहावयाचा नसतो. चिमटीत धरून, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढावयाचा असतो. स्नेह्यांनी आमच्याकडून तसे करविले. चढदोराच्या एका जागी बोटे एकाएकी चपटी झाली. आत काही नव्हतेच.

ती जागा कोणती हे पाहणे मोठे मनोरंजक होते. शीड पुरते चढले म्हणजे डोलकाठीच्या शेंड्यावरील चाकावर दोराचा जेवढा वीतभर भाग बसतो, नेमका तेवढाच तो होता. शीड दर वेळी तेवढेच चढते, दोर दर वेळी तेथेच बसतो, आणि वाऱ्याने डोलकाठी हलेल तितक्या वेळा तेथेच घासतो. बाकीचा सारा दोर नव्यासारखा असतो. जाणते लोक यावर असा तोडगा काढतात की, चढदोर मुळातच हात-दीड हात जास्त घ्यावा व दर दोन-एक हंगामांनी शिडाकडील टोक थोडे कापून पुन्हा बांधावे. म्हणजे घासणारी जागा पुढे सरकते. किंवा दोराची दोन्ही टोके उलटीपालटी करावी. आम्ही यांपैकी काहीच केले नव्हते.

मग दोर कशाचा घ्यावा हा प्रश्न. आपल्या कोकणपट्टीवर शतकानुशतके नारळाच्या काथ्याने काम भागविले आहे. खाऱ्या पाण्यात तो लवकर कुजत नाही, पाण्यावर तरंगतो, आणि या समुद्रात एके काळी खिळ्यांवाचून नुसत्या काथ्याने फळ्या शिवलेली जहाजे चालत. तेराव्या शतकातील प्रवासी मार्को पोलो याला होर्मुझ येथे ती पाहून धडकी भरली होती; पण ती त्याच्या जन्माआधीही चालत होती व नंतरही चालली. काथ्यामागून मनिलाचा दोर आला. तो केळीच्या एका भाऊबंद झाडाच्या सोपटातून काढतात. आज या दोहोंची जागा कारखान्यातील धाग्यांनी घेतली आहे. नायलॉन रबराप्रमाणे लांबतो, म्हणून तो नांगराला उत्तम, कारण लाटेचा हिसका तो स्वतः गिळतो. पण याच गुणामुळे शीड चढविण्याच्या कामी तो कुचकामी. शीड सकाळी ताठ चढविले तर दुपारी वाऱ्याने दोर लांबून त्याचे पोट सुटते, आणि पोट सुटलेले शीड व पोट सुटलेला मनुष्य दोघेही वाऱ्याविरुद्ध नीट चालत नाहीत. पॉलिएस्टर लांबतो कमी, उन्हाला दाद देत नाही व हाताला मऊ लागतो. १९४१ साली इंग्लंडात व्हिनफील्ड व डिक्सन यांनी शोधून काढलेला हा धागा. ‘टेरिलीन’ या नावाने त्याचे सदरे आमच्या वडिलांनी वर्षानुवर्षे घातले. ते सदरे विरत नसत. नवा सदरा मागण्यास आम्हांस कधी सबब मिळाली नाही, तिचे मूळ येथे होते.

या सर्वांहून आधुनिक म्हणजे डायनीमा. वजनास वजन लावले तर तो पोलादाहून कित्येक पटींनी बळकट, आणि तरीही पाण्यावर तरंगतो. स्नेही त्यावर लुब्ध झाले. परंतु त्याचेही काही दुर्गुण आहेत. तो इतका निसरडा की साधी गाठ त्यावर ठरत नाही, आणि भार देऊन ताणून ठेविला तर हळूहळू कायमचा लांबतो. शिवाय किंमत. कोठल्याही दोरास गाठ मारली की तिच्यापाशी त्याचे बळ निम्म्यापर्यंत उतरू शकते हे खरे. परंतु आठ मिलिमीटर जाडीचा चांगला पॉलिएस्टर दोर एक टनाहून अधिक ओढ सोसतो, आणि आमच्या नावेचे शीड ते काय! तेव्हा बळाची चिंता करण्याचे कारणच नव्हते. चिंता तळहाताची होती. सहा मिलिमीटरचा दोर शिडाला पुरतो, पण दोन तास हातात धरला की तो तळहात कापू लागतो. जाडी ठरविते ती वाऱ्याची शक्ती नव्हे, माणसाची कातडी.

जाडीवरून एक फजिती झाली ती येथेच सांगून टाकतो. स्नेह्यांच्या संग्रही नौकानयनावरील एक जुना इंग्रजी ग्रंथ आहे. त्यात आमच्या नावेच्या मापास ‘एक इंची’ दोर सांगितला होता. ग्रंथप्रामाण्य मानणारे आमचे स्नेही नागदेवी स्ट्रीटवर गेले व त्यांनी एक इंची दोराचे नमुने मागितले. दुकानदाराने विसर्जनाच्या मिरवणुकीत गर्दी आवरण्यासाठी धरतात तसला दोर पुढे ठेविला आणि नम्रपणे विचारले, “शेठ, जहाज केवढं आहे?” उलगडा नंतर झाला. जुने इंग्रज खलाशी दोराचा व्यास सांगत नसत, घेर सांगत. एक इंच घेर म्हणजे सुमारे आठ मिलिमीटर व्यास. दीड इंच म्हणजे बारा. ग्रंथ बरोबर होता, दुकानदारही बरोबर होता. आम्ही यावर स्नेह्यांना पुष्कळ हसलो. पुढे जे झाले त्यानंतर ते आम्हांला हसले नाहीत, हे येथे त्यांच्या पदरी बांधणे आवश्यक आहे.

मोजमापाचे काम आम्ही आपल्याकडे घेतले होते. चढदोर आम्ही ठीक मोजला. येथे चूक होण्याजोगी एक जागा आहे: शीड चढलेले असताना दोर केवळ शेंड्यापासून खालच्या खुंटीपर्यंतच असतो, आणि ते माप घेतले तर शीड उतरविताना दोर अर्ध्यावर संपतो. म्हणून शीड खाली आहे असे धरून, तेथून वर शेंड्यापर्यंत व शेंड्यावरून खाली खुंटीपर्यंत असे मोजावे लागते. हे आम्हांस ठाऊक होते व ठाऊक असल्याचा गर्वही होता. साडेबारा-तेरा मीटर भरले. आम्ही पंधरा घेतला. ताणदोर मात्र तीन पदरी. तो आडकाठीच्या टोकावरील कप्पीतून नावेच्या मागच्या टोकाशी असलेल्या कप्पीत, पुन्हा वर व पुन्हा खाली असा येऊन मग हातात येतो. म्हणजे आडकाठी बाहेर गेली की दोन कप्प्यांमधील अंतर जितके वाढेल त्याच्या तिप्पट दोर लागतो. आडकाठी पूर्ण बाहेर, बाजूच्या तारेला टेकेपर्यंत, ढकलून हे अंतर मोजावयाचे असते. नाव छपराखाली होती आणि तिच्या कुशीला भिंत होती. आडकाठी जेमतेम निम्मी बाहेर गेली व भिंतीला लागली. अंतर भरले दोन मीटर तीस सेंटिमीटर. त्याची तिप्पट सहा मीटर नव्वद, वर हातात धरावयास दोन. आम्ही नऊ मीटर लिहून दिले.

भिंत आमच्या ध्यानात आली नव्हती असे नाही. नाव दोन हात पुढे ओढावयास चार माणसे लागली असती, बाहेर पाऊस पडत होता, आणि दोर मीटरच्या भावाने मिळतो. एवढ्या तीन गोष्टी मनात येऊन गेल्याचे आम्हांस स्पष्ट आठवते.

दसऱ्यानंतर नाव पाण्यात गेली. नवे दोर पांढरे शुभ्र, त्यांत निळा धागा; टोके वितळवून दोऱ्याने आवळलेली. ताणदोराच्या शेवटी इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी गाठ मारलेली, जेणेकरून हातून सुटला तरी तो कप्पीतून निसटून जाऊ नये. पहिले काही रविवार वारा मंद होता व आम्ही किनाऱ्यालगतच घुटमळत होतो. दोर कोठे अपुरा पडला नाही. नोव्हेंबराच्या अखेरीस एका दुपारी आम्ही उभयता घारापुरीच्या रोखाने निघालो. बरोबर आमची पुतणी होती, वय वर्षे अकरा. तिच्या बापाने तिला आमच्या स्वाधीन करताना एकच प्रश्न विचारला होता, व त्याचे उत्तर आम्ही तत्काळ दिले होते.

मुंबईच्या बंदरात दुपारनंतर वायव्येचा वारा उठतो हे सर्वश्रुत आहे. तो डाव्या कुशीवर होता, किंचित मागून. सुकाणू स्नेह्यांच्या हाती, आणि ताणदोर पुतणीच्या हाती, कारण तिने हट्ट धरला होता व दोर मऊ होता. एक झोत आला. वारा एकदम वाढला की ताणदोर सोडावयाचा. शीड बाहेर जाते, वारा गळून जातो, नाव सरळ होते. हे आम्ही तिला सकाळीच शिकविले होते. स्नेही ओरडले, “सोड!” तिने लागलीच सोडला. दोर सळसळत गेला, आणि आडकाठी तारेपासून हातभर अंतरावर असता गाठ कप्पीत येऊन अडकली.

“काका, दोर संपला!”

हे शब्द तिने काही घाबरून उच्चारले नव्हते. पतंगाचा मांजा संपला असता मूल जसे सांगते तसे सांगितले. तोपर्यंत नाव उजवीकडे झुकून कडेवरून पाणी आत येऊ लागले होते, आणि पुतणी बसल्या जागेवरून घसरून कमरेपर्यंत त्या पाण्यात गेली होती. आम्ही तिचा दंड धरला. स्नेह्यांनी सुकाणूचा दांडा वाऱ्याखालच्या बाजूस जोराने लोटला, नावेचे नाक वाऱ्यात वळले, शीड फडफडू लागले, आणि नाव आपली आपण सरळ झाली. सगळा प्रकार अर्ध्या मिनिटात आटोपला. तिघांच्याही अंगात तरंगती जाकिटे होती, जवळून दोन लाँची जात होत्या. बुडण्याचे भय फारसे नव्हते असे आम्ही नंतर सर्वांना सांगितले. नावेत गुडघाभर पाणी होते. आम्ही बालदीने ते उपसू लागलो, व उपसता उपसता ध्यानात आले की, आपला डावा हात अजून पोरीच्या दंडावरच आहे.

परतीच्या वाटेवर स्नेह्यांनी एकदाच विचारले, “किती मोजला होता?” आम्ही म्हटले, “नऊ.” ते पुढे काही बोलले नाहीत.

घरी ही हकीकत आम्ही सौम्य करून सांगणार होतो. परंतु पुतणीने ती आधीच आजीला, म्हणजे आमच्या मातोश्रींना, सांगून टाकली होती. मातोश्री कधी नावेत बसलेल्या नाहीत. त्यांनी सर्व ऐकून घेतले, भिंतीची गोष्ट दोनदा विचारली, आणि म्हणाल्या, “अरे, विहिरीचा दोर काय श्रावणात मोजतात? तेव्हा पाणी हाताला लागतं. दोर मोजायचा वैशाखात.” आमच्या कोकणातील घरामागे विहीर होती, तिच्यावर रहाट होता, आणि उन्हाळ्याच्या सुटीत पोहरा तळाला टेकल्यावरही रहाटावर दोराचे तीन वेढे उरत हे आम्ही शेकडो वेळा पाहिले होते. ते वेढे कोणी, केव्हा व कशासाठी ठेविले, हा विचार मात्र त्या दिवसापर्यंत शिवला नव्हता.

पुढच्या रविवारी नाव मोकळ्या पाण्यात नांगरून, वारा नसताना, आडकाठी तारेला टेकेपर्यंत बाहेर ढकलली व तेथेच बांधली. फीत पुतणीच्या हाती दिली. तिचे वडील तिला येऊ देतील की नाही याची शंका होती. ते स्वतःच तिला घेऊन आले व धक्क्यावर उभे राहिले. अंतर तीन मीटर चाळीस भरले. पूर्वीच्या मापाहून एक मीटर दहा अधिक, म्हणजे तिप्पट करता तीन मीटर तीस. तिने तो हिशेब आमच्याआधी केला. हातात धरावयास दोन मीटर धरून सव्वाबारा झाले. “तेरा लिही,” आम्ही म्हटले. तिने थोडा विचार करून चौदा लिहिले, आणि आम्ही खोडले नाहीत.

नऊ मीटरचा दोर वाया गेला नाही. दोन दोर जोडून ताणदोर करण्याची सूचना आम्ही मांडून पाहिली होती. पण जोडाची गाठ कप्पीतून जात नाही, आणि गेली नाही की पुन्हा तोच प्रसंग. तेव्हा त्याचे तुकडे करून पुढच्या लहान शिडाच्या कामी लावले. उरलेला हातभर तुकडा पुतणीपाशी आहे. त्यावर ती गाठी घालते. न सरकणारा फास तिला आमच्याहून लवकर साधतो.

चौदा मीटरचा ताणदोर आता नावेत असतो. वाऱ्याविरुद्ध जाताना त्यातला बहुतेक दोर आत ओढलेला असतो, आणि त्याचे वेटोळे आमच्या पायांत येते. स्नेह्यांची त्याविषयी तक्रार आहे. गेल्या महिन्यात ते त्यात अडकून पडलेही. त्यांचे म्हणणे की दीड मीटर कापून टाकावा. आम्ही त्यांना सांगितले आहे की कात्री पुतणीकडे आहे, तिला विचारा.